कमरेला बांधायचा रोबो आणि गुडघ्यावरून गेलेला पाय : ठाणे-नवी मुंबईत कुणाला माहिती आहे का?

मुक्ता_नौपाडा (धागाकर्ती)

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात टोमासो लेंझी यांच्या गटाने कमरेला आणि मांडीला बांधायचं एक मोटरवर चालणारं यंत्र बनवलं आहे. गुडघ्यावरून पाय गेलेल्या माणसाने आपला रोजचा कृत्रिम पाय घालायचा आणि वरून हे यंत्र चढवायचं. पाय बदलायचा नाही. मांडी पुढे घेताना आणि मागे रेटताना मोटर त्या हालचालीला जोर देते. यंत्राचं वजन अडीच किलो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये त्यांचा निबंध आला. सहा जणांना ट्रेडमिलवर यंत्र घालून आणि यंत्राशिवाय चालवलं, तर चालायला लागणारी ऊर्जा सरासरी १५.६ टक्क्यांनी कमी भरली. संशोधकांच्या हिशेबाने हे साधारण बारा किलोची बॅग पाठीवरून उतरवल्यासारखं आहे.

हे वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये. माझा मोठा भाऊ सेहेचाळीस वर्षांचा आहे. अपघातात त्याचा डावा पाय गुडघ्याच्या वर गेला. त्याला साधा यांत्रिक गुडघ्याचा पाय बसवला आहे, बॅटरी वगैरे काही नाही. तो चालतो, नोकरीला जातो, कुणाची मदत घेत नाही. पण नौपाड्यातून स्टेशनपर्यंत जाताना त्याला मध्ये थांबावंच लागतं. उरलेली मांडी भरून येते, श्वास चढतो, ऑफिसात पोचेपर्यंत निम्मा जोर संपलेला असतो. आता उजवा, म्हणजे चांगला गुडघाही दुखायला लागला आहे. दादा याबद्दल बोलत नाही. मला ते त्याच्या शर्टाकडे बघून कळतं, पाठ पूर्ण भिजलेली असते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. असं यंत्र भारतात कुठे मिळतं का? मिळत नसेल, तर कर्ज काढून मायक्रोप्रोसेसरवाला, म्हणजे आत सेन्सर आणि चिप असलेला, गुडघा घ्यावा का? आणि ठाणे किंवा नवी मुंबईत यातलं खरोखर जाणणारं कोणी आहे का, जे विकायच्या आधी ऐकून घेतील? अंदाज नकोत, ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कृपया लिहा.

घणसोली_पीओ

मुक्ताताई, मी प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट आहे, कृत्रिम पाय आणि कॅलिपर बनवण्याचंच काम करते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : ते यंत्र संशोधनासाठी बनवलेलं आहे, दुकानातून आणायची वस्तू नाही. त्यामुळे कुणी 'रोबोटिक हिप सपोर्ट' म्हणून काही दाखवलं आणि युटाचं नाव घेतलं, तर कागद मागा.

पण तुमच्या दादांना दम का लागतो हे नीट समजून घ्या, त्यात बाकीची उत्तरं आहेत. धडधाकट माणूस चालतो तेव्हा शरीराला पुढे ढकलण्याचं मोठं काम पोटरी आणि घोटा करतात, टाच उचलताना तो रेटा मिळतो. गुडघ्यावरून पाय गेला की घोटा गेला, पोटरी गेली आणि गुडघा सांभाळणारे स्नायूही मधोमध कापले गेले. ही सगळी तूट त्या बाजूचा खुबा आणि समोरचा चांगला पाय भरून काढतात. पुनर्वसनाच्या पुस्तकांत एक जुना तक्ता असतो. अपघातात गुडघ्याखाली पाय गेला तर चालण्याची ऊर्जा साधारण २५ टक्के जास्त लागते, गुडघ्यावर गेला तर ६५ ते ७०. मधुमेह किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराने गुडघ्यावर गेला असेल तर जवळजवळ दुप्पट. तुमचे दादा रोज स्टेशन गाठतात ते या हिशेबावर. चांगल्या गुडघ्याचं दुखणंही त्यातलंच आहे, तो दोघांचं काम करतोय.

म्हणून पंधरा टक्के हा आकडा मला लहान वाटत नाही. यंत्र नेमकं तिथे मदत करतं जिथे ओढाताण आहे, खुब्याला.

आता माझे प्रश्न. सॉकेट, म्हणजे उरलेली मांडी ज्यात बसते तो पायाचा वरचा कप, किती जुनं आहे? आत सिलिकॉन लायनर, म्हणजे कातडीवर चढवायचं मऊ आवरण, आहे की नुसते मोजे? संध्याकाळी सॉकेट ढिलं होतं का, मोजे वाढवावे लागतात का? बसताना मांडीच्या आत काठ टोचतो का? पाय गेल्यानंतर स्टम्पचा, म्हणजे उरलेल्या भागाचा, आकार बराच काळ बदलत राहतो, वजन वाढलं-घटलं तरी बदलतो. सॉकेट ढिलं असेल तर प्रत्येक पावलाला पाय आत वर-खाली सरकतो आणि तुम्ही लावलेला जोर जमिनीपर्यंत पोचायच्या आधीच जिरतो. अशा सॉकेटवर जगातली सर्वांत भारी मोटर बसवली तरी तिचा जोर आधी कातडीवर येईल. गुडघ्याचं बोलण्याआधी हे सांगा.

कळवा_स्लो

माझा उजवा पाय गुडघ्याखाली गेला आहे. गुडघा स्वतःचा आहे, म्हणजे मुक्ताताईंच्या भावापेक्षा माझं खूप सोपं आहे, हे आधीच लिहितो. ज्याचा गुडघा गेला त्याच्या कष्टाची मी बरोबरी करू शकत नाही.

माझ्याकडे कार्बन फायबरचा फूट आहे. टाच टेकली की तो दबतो आणि बोट सोडताना थोडा जोर परत देतो. थोडाच. सपाट जागेवर, म्हणजे नेरूळच्या तलावाभोवतीच्या ट्रॅकवर किंवा सागर विहारला, मी लांबवर मजेत चालतो. ठाण्यात घराबाहेर पडलं की पेव्हर ब्लॉक सुरू होतात. एक वर, एक खाली, एक हलणारा. कृत्रिम पायाला जमीन कळत नाही, प्रत्येक ब्लॉक डोळ्यांनी बघावा लागतो. दमायला होतं ते निम्मं या बघण्यामुळे. पावसाळ्यात तर तेही दिसत नाही, वरून पाणी असतं.

जिना जमतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी, हे फिजिओने शिकवलं ते अंगात भिनलं आहे. मी दिव्यांग डब्यातून जातो, पण डब्यापर्यंत पोचायचं प्लॅटफॉर्मच्या गर्दीतूनच. तिथे मला मागून धक्का बसला की मी सावरतो, कारण गुडघा माझा आहे आणि मी तो ताठ करू शकतो.

म्हणून जाणकारांना माझा एकच प्रश्न आहे. कमरेला मोटर आहे, ती मांडी पुढे न्यायला निघाली आणि नेमका तेव्हा कुणी धक्का मारला, किंवा समोरचा माणूस अचानक थांबला, तर ती मोटर काय करते? ट्रेडमिलवर कुणी धक्का मारत नाही.

महापे_मेकॅट्रॉनिक्स

@कळवा_स्लो, हा प्रश्न या विषयाचा गाभा आहे. मी महाप्यात मोटर-कंट्रोलचं काम करतो, वैद्यकीय उपकरणांचं नाही, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

अशी यंत्रं मांडीचा कोन आणि वेग सेन्सरने सतत वाचतात आणि त्यावरून पाऊल कोणत्या टप्प्यात आहे हे ठरवतात. त्या टप्प्याप्रमाणे मोटर जोर देते. चाल एकसारखी असेल तोवर अंदाज बरोबर येतो. गडबड चाल बदलताना होते : अचानक थांबणं, एक पाऊल मागे, बाजूला सरकणं, अर्धवट पाऊल. म्हणून चांगल्या रचनेत दोन गोष्टी बघतात. मोटर बंद असताना किंवा माणसाने उलट दिशेला जोर लावला तर सांधा अडला नाही पाहिजे, सहज फिरला पाहिजे. आणि मोटरचा जोर इतकाच ठेवायचा की तिने चुकीच्या वेळी ढकललं तरी माणूस तिला हरवू शकेल. मोटर माणसाला चालवत नाही, चालणाऱ्याला हातभार लावते. पण ठाणे स्टेशनच्या संध्याकाळच्या गर्दीत हे किती टिकतं, याचं उत्तर सहा जणांच्या ट्रेडमिलच्या चाचणीतून निघत नाही. त्यासाठी गर्दीसारख्या परिस्थितीतल्या वेगळ्या चाचण्या लागतील.

तरीही हा मार्ग मला इतर सगळ्या रोबोटिक पायांपेक्षा आपल्यासाठी जास्त मोलाचा वाटतो. का ते सविस्तर लिहितो.

रोबोटिक पाय म्हणजे सहसा मोटर पायातच बसवलेली. हे कामही फार मोठं झालं आहे. एमआयटीचे ह्यू हर यांचे दोन्ही पाय १९८२ मध्ये गिर्यारोहणात अडकून हिमदंशाने गुडघ्याखालून गेले. पुढे त्यांनीच मोटरचा घोटा बनवला, तो बाजारात आला. आइसलंडच्या ओसुरने पॉवर नी काढला, त्यात गुडघ्यातच मोटर आहे, खुर्चीतून उठताना आणि जिना चढताना तो उचलून देतो. पण मोटर, गिअर आणि बॅटरी पायात घातली की वजन खाली जातं. चालताना पाय प्रत्येक पावलाला पुढे फेकायचा असतो. कळशी कमरेवर घेऊन मैलभर चालणारी बाई असते, तेवढंच वजन घोट्याला बांधून कोणी चालत नाही. प्रयोगांतही हेच दिसलं आहे, पावलापाशी वाढवलेला किलो कमरेशी वाढवलेल्या किलोपेक्षा कितीतरी महाग पडतो. लेंझींनी मोटरचं वजन कमरेशी ठेवलं, हा त्या रचनेतला सगळ्यात शहाणा निर्णय आहे.

दुसरं कारण पैशाचं. पायातच रोबो हवा असेल तर अख्खा पाय बदलावा लागतो. कमरेचं यंत्र मात्र आहे त्या पायावर चढतं. जयपूर फूट असो, सरकारी अलिम्को कंपनीचा असो, दादांचा साधा यांत्रिक गुडघा असो. आपल्याकडे बहुसंख्य लोकांकडे हेच पाय आहेत. म्हणजे भारतात कोणी हे बनवलं तर आजच्या पायासकट माणसाला मदत मिळेल. आणि यंत्र बिघडलं तर ते काढून ठेवायचं, पाय शिल्लक राहतो, घरी अडकून पडावं लागत नाही.

यात लागणारी मोटर, गिअरबॉक्स, बॅटरी, सेन्सर यांतलं काहीही आपल्या आवाक्याबाहेरचं नाही. नवी मुंबईतल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात यापेक्षा अवघड गोष्टी रोज बनतात. अडतं ते माणसांवरच्या चाचण्यांत, परवानग्यांत आणि वर्षानुवर्षं दुरुस्ती देण्याच्या जबाबदारीत.

खारेगाव_स्पष्ट

सगळं वाचलं. माहिती उत्तम आहे, पण मला मनापासून वाटतं की आपण उलट्या टोकाने चाललो आहोत. कळवा_स्लो यांनी लिहिलं तेच मूळ आहे. फुटपाथ आहे तिथे दुचाक्या आहेत. दुचाक्या नाहीत तिथे खोदकाम आहे. उताराचा रॅम्प केला तर त्याच्या तोंडाशी खांब रोवलेला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम्य रस्ते आणि इमारती हा हक्क म्हणून लिहिला आहे, उपकार म्हणून नव्हे. ज्या रस्त्यावर साधा कृत्रिम पाय धड चालू शकत नाही, तिथे रोबो काय करणार? सपाट, अखंड फुटपाथ दिला तर मोटरशिवाय प्रत्येकाचीच ऊर्जा वाचेल. आजीची, गरोदर बाईची, सगळ्यांची. आपण आवाज त्यासाठी उठवायला हवा.

मुक्ता_नौपाडा

@खारेगाव_स्पष्ट, फुटपाथबद्दल तुमचा शब्द न् शब्द पटतो. प्रभाग समितीकडे अर्ज करायचा असेल तर मी सही करेन आणि दादाही करेल. पण दादाच्या ऑफिसात सपाट फरशी आहे आणि तिथेही दुपारनंतर तो खुर्चीतून उठायचं टाळतो. पाणी हवं असलं तरी टाळतो. रस्ता सुधारला तरी खुब्यावरचा भार राहणारच. एकासाठी दुसरं थांबवायचं हे मला मान्य नाही.

@घणसोली_पीओ, दादाला विचारलं. सॉकेट चार वर्षांपेक्षा जुनं आहे. लायनर नाही, मोजे घालतो. संध्याकाळी एक मोजा वाढवावा लागतो. मधल्या काळात त्याचं वजन बरंच उतरलं. घाम खूप येतो, मे महिन्यात तर पाय काढून आतून पुसावा लागतो. काठ टोचतो का विचारल्यावर म्हणाला, "सवय झाली." म्हणजे टोचतो.

घणसोली_पीओ

मग आधी सॉकेट. कर्ज, गुडघा, रोबो सगळं त्यानंतर.

वजन उतरलेल्या माणसाने चार वर्षांचं जुनं सॉकेट मोजे चढवून वापरणं म्हणजे दोन मापं मोठ्या बुटात चालणं. नवं माप घेऊन, शक्य असेल तर लायनरसह सॉकेट केलं की थकव्यात फरक पडतोच. किती पडेल ते आज सांगता येणार नाही, पण इतक्या कमी खर्चात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. आपल्या हवेत लायनरमध्ये घाम साचतो हे खरं. त्यासाठी रोज लायनर धुणं, दुसरा जोड ठेवणं, दुपारी एकदा काढून कोरडं करणं हाच उपाय. दादांच्या ऑफिसात त्यासाठी दार लागणारी एखादी खोली मिळते का बघा. संकोचामुळे माणसं दिवसभर ओला पाय घालून बसतात आणि मग कातडी जाते.

मायक्रोप्रोसेसर गुडघ्याबद्दल. जर्मनीच्या ऑटोबॉकने १९९७ मध्ये सी-लेग आणला, तो या जातीतला सर्वांत नावाजलेला. पायावर किती भार आहे, गुडघा किती वाकला आहे हे तो सतत मोजतो आणि हायड्रॉलिकचा अडथळा कमी-जास्त करतो. अडखळलात तर गुडघा एकदम दुमडत नाही, उतारावर आणि जिना उतरताना भार टाकता येतो. पडण्याची भीती कमी होते, आणि भीती कमी झाली की चालही मोकळी होते. पण तो ढकलत नाही. जोर तुमच्या खुब्यालाच लावायचा असतो. दादांची मुख्य तक्रार थकव्याची आहे, पडण्याची नाही, त्यामुळे या गुडघ्याकडून नेमकी काय अपेक्षा ठेवायची हे कर्ज काढण्याआधी स्पष्ट हवं. परदेशी गुडघ्याची किंमत १० लाखांपासून ६० लाखांपर्यंत जात होती, हा इस्रोने २०२२ मध्ये दिलेला आकडा आहे.

आणि इस्रोचं नाव निघालंच आहे तर : २०२२ च्या सप्टेंबरात त्यांनी आपला मायक्रोप्रोसेसर गुडघा जाहीर केला. वजन सुमारे १.६ किलो, तो घालून एक जण कॉरिडॉरमध्ये थोड्या आधाराने सुमारे १०० मीटर चालला. किंमत दहापट कमी ठेवण्याचं उद्दिष्ट होतं. त्याच वर्षी आयआयटी मद्रासने 'कदम' नावाचा यांत्रिक गुडघा आणला. त्यात बॅटरी नाही, पण तो १६० अंशांपर्यंत वाकतो, म्हणजे बसमध्ये, रिक्षात, खाली बसताना आपल्या सवयींना सोयीचा. दादांना यांत्रिक गुडघाच बदलायचा असेल तर त्याची चौकशी जरूर करा.

रेश्मा_फिजिओ_नेरूळ

उशिरा आले, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. या धाग्यावर कोणीच दादांच्या स्नायूंबद्दल विचारलं नाही!

मुक्ताताई, दादा दिवसभर खुर्चीत बसतात. गुडघ्यावरून पाय गेलेल्या माणसाचा खुबा बसून बसून पुढच्या बाजूला आखडतो. मग उभं राहिल्यावर मांडी पूर्ण मागे जात नाही, कमरेला बाक पडतो, पाठ दुखते आणि पाऊल छोटं होतं. युटाच्या यंत्रासारखी मोटर मांडी मागे रेटायला मदत करते, पण सांधाच आखडलेला असेल तर मोटर काय, कोणीच ती मागे नेऊ शकत नाही. उपाय साधा आहे : रोज पालथं झोपायचं. सकाळी आणि रात्री, मांडी सरळ, खाली उशी नाही. शिवाय खुब्याचे मागचे आणि बाजूचे स्नायू बळकट करायचे व्यायाम. ते मी इथे लिहून देणार नाही, तपासून ठरवावे लागतात. बरेच लोक पाय बसला की फिजिओ सोडून देतात. चालायला लागलो म्हणजे शिकलो असं त्यांना वाटतं. वर्षांनंतरही चाल सुधारते, मी रोज बघते.

अजून एक. काही ठिकाणी 'रोबोटिक गेट ट्रेनिंग'ची पाकिटं विकली जातात. स्वित्झर्लंडचं लोकोमॅट, आपल्या केरळातल्या जेनरोबोटिक्सचं जी-गेटर ही यंत्रं खरी आणि चांगली आहेत, पण ती मुख्यतः अर्धांगवायू, मज्जारज्जूची इजा अशा रुग्णांना पुन्हा चालायला शिकवण्यासाठी आहेत. यंत्र दवाखान्यात उभं असतं, माणूस त्यात चालतो आणि घरी येतो. कृत्रिम पाय घालून स्टेशनला जाणाऱ्याच्या कमरेला लावायचं यंत्र ते नव्हे. नावात रोबो आहे एवढ्यावर पैसे भरू नका.

विजया_कोपरी

मी नेहमी फक्त वाचते, पण आज विचारते. माझ्या सासूबाईंचा पाय महिनाभरापूर्वी गुडघ्याखाली कापला, साखरेमुळे. वय ६८. अजून कृत्रिम पाय बसवलेला नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून मी पायाखाली मऊ उशी देते. पालथं झोपायचं वाचून काळजी वाटली. आणि खर्चाचं काय? आमच्याकडे एवढे लाख नाहीत.

रेश्मा_फिजिओ_नेरूळ

विजयाताई, उशी आजच काढा. तुम्ही मायेनेच दिली, सगळे देतात. पण उशीवर गुडघा वाकलेला राहतो आणि तसाच आखडतो, मग पाय बसवणं अवघड होतं. गुडघा सरळ राहिला पाहिजे. जखम भरली असेल तर क्रेप बँडेज आठच्या आकारात, टोकाकडे घट्ट आणि वर सैल, दिवसातून अनेकदा सोडून पुन्हा बांधायचं. स्टम्पला आकार त्यानेच येतो. डॉक्टरांना विचारून सुरू करा, बांधायचं मी व्हिडिओ कॉलवर दाखवीन. आणि दुसऱ्या पायाचा तळवा रोज बघा, बोटांच्या मधे, टाचेला, आरसा धरून. साखरेत दुसरा पाय वाचवणं हे सगळ्यात मोठं काम.

कळवा_स्लो

विजयाताई, खर्चाचं मी सांगतो, मी यातून गेलोय.

आधी जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. बाकी सगळ्या योजना त्यावर अडतात. केंद्र सरकारची एडिप योजना आहे, कमी उत्पन्न असलेल्यांना त्यातून साहित्य मिळतं. कानपूरची अलिम्को १९७६ पासून हे साहित्य बनवते. मुंबईत हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, केंद्र सरकारची संस्था. तिथे डॉक्टर, फिजिओ आणि पाय बनवणारी कार्यशाळा एकाच आवारात आहे. पुण्याला वानवडीत लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, १९४४ चं, तिथे नागरिकांनाही घेतात. वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, त्यांचं काम जास्त करून मुलांसाठी, पण योजनांची चौकशी तिथेही करून बघा.

आणि जयपूर फूटला कमी लेखू नका. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास तो बनवला तोच मुळी आपल्या लोकांसाठी : अनवाणी चालता यावं, मांडी घालून बसता यावं, चिखल-पाण्यात खराब होऊ नये. भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून ते पाय फुकट बसवते. सुधा चंद्रन त्याच पायावर पुन्हा मंचावर उभ्या राहिल्या. सासूबाईंना घरात, मंदिरात, तलावपाळीवर संध्याकाळी फिरायला तो पाय उत्तम चालेल.

अभिजात_बेलापूर

मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मेंदूने चालवायचे पाय आले आहेत असं वाचलं होतं, ते खरं आहे का? मग कमरेची मोटर कालबाह्य होणार नाही का?

महापे_मेकॅट्रॉनिक्स

खरं आहे, पण त्यात शस्त्रक्रियेचा मोठा वाटा आहे. आपला स्नायू जोडीने काम करतो, एक आखडला की समोरचा ताणला जातो आणि त्यातून मेंदूला सांध्याची जाणीव मिळते. नेहमीच्या पद्धतीने पाय कापताना ही जोडी तुटते. ह्यू हर यांच्या गटाने डॉक्टरांबरोबर अशी शस्त्रक्रिया बसवली की स्टम्पमध्ये ही जोडी पुन्हा जोडली जाते. जुलै २०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये त्यांनी १४ जणांचा अभ्यास छापला, सात जण अशा शस्त्रक्रियेचे, सात नेहमीच्या. सगळ्यांचे पाय गुडघ्याखाली गेलेले. शस्त्रक्रिया झालेल्यांचा चालण्याचा कमाल वेग ४१ टक्क्यांनी जास्त निघाला, आणि त्यांचा रोबोटिक पाय स्वतःच्या मज्जासंस्थेच्या संदेशांवर चालत होता. अफाट काम आहे.

पण अभिजात, याला खास शल्यचिकित्सक हवा, रोबोटिक पाय हवा आणि पुन्हा ऑपरेशनची तयारी हवी. दादांसारख्या माणसाला पुढच्या पाचेक वर्षांत आपल्या शहरात काय मिळू शकेल असा विचार केला, तर कमरेचा पट्टाच जवळचा आहे. तुझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरायचा असेल तर यावर विचार कर. माणसावर मोटर लावू नकोस, त्याला नैतिक समितीची परवानगी लागते. नुसते सेन्सर लाव : कृत्रिम पायाने चालणाऱ्याचा मांडीचा कोन पेव्हर ब्लॉकवर, जिन्यावर, गर्दीत थांबताना कसा बदलतो हे नोंदव, अर्थात त्यांची संमती आणि कॉलेजची मंजुरी घेऊन. पुढे इथे कोणी यंत्र बनवायला घेतलं तर ठाण्याच्या रस्त्यांवरची अशी नोंद त्याला सोन्यासारखी उपयोगी पडेल. कळवा_स्लो यांच्या धक्क्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधायची सुरुवातही तिथूनच होते.

कळवा_स्लो

मी तयार आहे. सेन्सर लावून स्टेशनपर्यंत चालून दाखवीन. गुडघ्याखालचा असलो तरी तुलनेला चालेन.

मुक्ता_नौपाडा

दादाने काल रात्री हा धागा पूर्ण वाचला. मी सांगितलं नव्हतं, त्याने माझ्या फोनवर बघितला. "खुबा आखडलाय हे त्यांना कसं कळलं," एवढंच म्हणाला आणि पालथा झोपला.

ठरलं ते असं. आधी नवं सॉकेट, लायनरसह. त्याबरोबर फिजिओ पुन्हा सुरू. कर्जाचा अर्ज थांबवला आहे. नव्या सॉकेटवर तीन-चार महिने गेले की मायक्रोप्रोसेसर गुडघ्याची ट्रायल घेऊन बघू. अभिजातच्या नोंदींसाठीही तो यायला तयार आहे, आणि याबद्दल तो माझ्यापेक्षा जास्त उत्सुक आहे. @घणसोली_पीओ, ट्रायलला जाताना काय बघायचं?

घणसोली_पीओ

छान ठरवलंत. ट्रायलला रोजचे बूट घालून जा, टाचेची उंची बदलली की सगळं जुळवणं बदलतं. तिथल्या गुळगुळीत हॉलमध्ये दोन फेऱ्या मारून हो म्हणू नका. उतार मागा, जिना मागा, खुर्चीतून उठ-बस करा, रिक्षात बसून बघा. शक्य असेल तर काही दिवस घरी वापरायला मागा, देणारे देतात. चार्जिंग संपल्यावर गुडघा ताठ राहतो की सैल पडतो ते स्वतः करून बघा. पाण्याचं विचारा, कितपत पाऊस चालतो, तुंबलेल्या पाण्यातून गेलं तर वॉरंटी राहते का. बिघडला तर दुरुस्ती मुंबईत होते की पाय परदेशी जातो, आणि तोवर बदली गुडघा मिळतो का, हे लेखी घ्या. आणि जुना पाय विकू किंवा टाकू नका, तो घरात चालू अवस्थेत राहू द्या.

सॉकेटच्या मापासाठी सकाळी नका येऊ, दुपारनंतर या. तुमचा निरोप मिळाला आहे, वेळ व्यक्तिगत संदेशात कळवते.